कुप्पा, गेदर आणि एक मत्स्यसूची

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८३ साली प्रसिद्ध केलेली कॉलेट व नॉएन यांची स्काँब्रिडी कुलाची सूची हा ट्यूना माशांच्या अभ्यासाचा आजही मुख्य आधार होय. बांगडा, सुरमई व ट्यूना यांचा समावेश असलेल्या या कुलाच्या ४९ जाती तीत वर्णिल्या आहेत. पुढील संशोधनाने ही संख्या ५१ झाली. तथापि ग्रंथाची खरी कसोटी संख्येत नसून आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग कितपत होतो यात आहे.

कोकणात कुप्पा, गेदर ही नावे एकाहून अधिक जातींना लावली जातात. केवळ नावावरून केलेली नोंद म्हणूनच शास्त्रीय ठरत नाही. युथिनस अफिनिस ही जाती ओळखणे सोपे आहे : पाठीच्या मागील भागावर तिरप्या, नागमोडी काळ्या रेषा आणि छातीच्या व पोटाच्या परांमध्ये काही काळे ठिपके. ऑक्सिस प्रजातीत पाठीवरील दोन परांमध्ये मोठे अंतर असते. युथिनसमध्ये ते अगदी अल्प असते.

खरी अडचण थनस टोंगोल व पिवळ्या परांचा थनस अल्बाकारेस यांच्या पिलांत येते. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवरील दंताळ्यांची संख्या पहिल्यात १९ ते २७, तर दुसऱ्यात २६ ते ३४ असते. २६ वा २७ भरल्यास मोजणी निरुपयोगी ठरते. अशा वेळी वाताशय पाहावा : टोंगोलमध्ये तो नसतो वा अल्पविकसित असतो. रंग मात्र मृत्यूनंतर लवकर फिका पडतो. त्यावर भिस्त ठेवणे अयोग्य होय.

निवासस्थानाविषयी सूचीचे विवेचन विशेष मोलाचे आहे. टोंगोल किनाऱ्यालगतचा असूनही अति गढूळ व कमी क्षाराचे पाणी टाळतो. आंजर्ले जोग नदीच्या मुखाशी वसले आहे. तेव्हा तेथे उतरविलेला टोंगोल खाडीचा रहिवासी मानणे चूक होईल. उलट युथिनसची पिले उपसागरांत व बंदरांतही शिरतात. मासा उतरविण्याचे ठिकाण आणि त्याचे वसतिस्थान यांतील हा भेद नोंदवह्यांनी पाळलाच पाहिजे.

सूचीची अधिकृत नावे इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश भाषांत आहेत. नोंद करणाऱ्याच्या हाती मराठी नावांचा तक्ता नसेल, तर अल्बाकारेसचे पिलू टोंगोलच्या खाती जाते आणि दोन्ही साठ्यांचा हिशेब चुकतो. तो तक्ता सिद्ध करणे हे मराठी अभ्यासकांचे कर्तव्य होय.