मँडोलिनला खर्ज हवा

मैहरच्या वाद्यवृंदात सितार-बँजो नावाचं एक वाद्य आहे. सतार आणि बँजो यांचं लग्न लावून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, म्हणजे सगळ्यांचे बाबा, यांनी ते घडवलं. 1918च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून, महाराजा ब्रिजनाथ सिंहांच्या आश्रयानं बाबांनी हा वृंद उभा केला. बंदुकांच्या नळ्या कापून नलतरंग केलं, तेही इथंच. आम्हा जबलपूरकडच्या तिलवाऱ्याच्या मंडळींना मैहर म्हणजे शारदेचं देऊळ आणि बाबांचं घर. जबलपूरला गाडीत बसलं की काही तासांत उतरायचं. तिथला वृंद ऐकताना दर वेळी वाटतं, की विलायती वाद्य अडलं तर ते खोलून आपल्या गरजेनं पुन्हा जोडायची ही धमक मँडोलिनच्या वाट्याला फार थोडी आली.

मँडोलिनला मोठा गोतावळा आहे, हेच आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक नसतं. आपण पाहतो ते घरातलं धाकटं. चार जोड्या म्हणजे आठ तारा, घोडीपासून मेरूपर्यंत जेमतेम 35 सेंटिमीटर, आणि स्वर थेट व्हायोलिनचे. त्याच्यावर मँडोला, व्हायोलाच्या स्वरांत. मग ऑक्टेव्ह मँडोलिन, धाकट्याच्या बरोबर एक सप्तक खाली. त्याहून थोरला मँडोचेलो, ज्याच्या तारा चेलोसारख्या लागतात आणि तारेची लांबी साठ सेंटिमीटरच्या पुढे जाते. इटलीत पाच जोड्यांचा लिउटो कांताबिले झाला. अमेरिकेत लॉईड लोअर यांनी गिब्सन कंपनीसाठी 1922च्या सुमारास व्हायोलिनसारखी एफ-भोकं कोरलेली मँडोलिनं केली आणि त्याच मालिकेत मँडोला नि मँडोचेलोही. आज ती जुन्या व्हायोलिनांसारखी जपली जातात. साठच्या दशकात ग्रीसचं बुझुकी हे तारवाद्य आयर्लंडला पोचलं आणि काही वर्षांत तिथलंच होऊन गेलं. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात तर मँडोलिनच्या सुरांचं भरीव लाकडाचं विजेवरचं वाद्य ट्रकवर चढून कार्निव्हलमध्ये वाजतं. लालबागच्या मिरवणुकीत ट्रकवर बसून बेंजो वाजवणाऱ्यांचे ते लांबचे भाईबंद म्हणायला हरकत नाही; मात्र आपला बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली काढलेलं टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य इकडे येऊन बुलबुलतरंग झालं.

आपल्या मैफलीत आणि स्टुडिओत यातलं रुजलं ते फक्त धाकटं मँडोलिन. त्याचं कारण सिनेमा. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याचे व्हायोलिनवादक भरलेले होते, आणि व्हायोलिन ज्याच्या हातात बसलंय त्याची बोटं मँडोलिनवर आपोआप योग्य जागी पडतात. लक्ष्मीकांत कुडाळकर मँडोलिन शिकले ते बालमुकुंद इंदोरकरांकडे. कुलाब्याच्या रेडिओ क्लबात लता मंगेशकरांच्या कार्यक्रमात त्यांनी ते वाजवलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. पुढे ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल झाले आणि वाद्य मागे पडलं. किशोर देसाई सरोद आणि मँडोलिन दोन्ही वाजवत. त्या काळातल्या असंख्य गाण्यांत दोन ओळींच्या मधली ती थरथरणारी सुरावट मँडोलिनची असते, पण वादकाचं नाव तबकडीवर नसे. 1995 साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये नायकाच्याच हातात मँडोलिन दिसलं आणि देशाच्या डोक्यात ते मोहरीच्या शेताला जोडलं गेलं ते कायमचं. लोकप्रियता म्हणून हे छानच. वाद्याची वाढ म्हणून बघितलं तर सिनेमानं त्याला चार मात्रांची जागा दिली आणि तिथंच बसवून ठेवलं.

या जागेवरून उठला एकच माणूस. सज्जाद हुसेन. जन्म 1917, माळव्यातल्या सीतामऊचा, म्हणजे आमच्याच मध्य प्रदेशातला. वडिलांकडे सतार शिकलेला. 1937 साली मुंबईत आला. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चं संगीत त्याचंच. त्याच्या तिरसटपणाच्या गोष्टी सिनेमावाले चवीनं सांगतात. मला त्या गोष्टींचा कंटाळा आहे, कारण त्यांच्या गोंगाटात त्यानं मँडोलिनवर काय केलं ते ऐकायचं राहून जातं.

त्यानं काय केलं, हे समजायला वाद्य जवळून बघावं लागतं. सतारीची तार लांब आणि पडदे रुंद; एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून चार-पाच स्वरांची मींड काढता येते. मँडोलिनची तार आखूड, ताठ, आणि एकटी नाही, जोडीनं. ओढायची तर दोन्ही तारा सारख्याच ओढल्या गेल्या पाहिजेत. जरा कमी-जास्त झालं की जोडी बेसूर. शिवाय पडदे दाटीवाटीनं. मेरूजवळ दोन सेंटिमीटरचं अंतर असतं, तेच बाराव्या पडद्याशी येईपर्यंत एका सेंटिमीटरवर येतं, म्हणजे बोटाच्या पेराइतकंही नाही. त्यातून आस नाही. नखीचा आघात झाला की स्वर लगेच विझतो. म्हणून जगभर लांब स्वरासाठी नखी भराभर वरखाली हलवत कंप देतात. पण तो कंप ख्यालाच्या आलापीत घातला तर काय होईल, हे कुणाही गाणाऱ्याला विचारावं. सज्जादनं साध्या आठ तारांच्या मँडोलिनवर, तारा न काढता, वीज न लावता मींड आणि गमक आणली. 1956च्या कोलकात्याच्या संगीत परिषदेत बड्या उस्तादांच्या रांगेत तो बसला. ध्वनिमुद्रणं ऐकली की कळतं, ही मींड सतारीच्या पद्धतीची नाही. बोट पडद्यांवरून घसरत जातं, आणि पडद्यांच्या पायऱ्या ऐकू येऊ नयेत म्हणून ते केवढ्या दाबानं घसरत असेल याची कल्पनाच केलेली बरी. माझं मत विचाराल तर हा पराक्रम होता, मार्ग नव्हता. त्याच्या मुलांनी वाद्य पुढे चालवलं, पण घराबाहेर ते हस्तकौशल्य फारसं पसरलं नाही. बोटांचा असला दाब शागिर्दाला सांगून देता येत नाही.

मार्ग सापडला तो पालकोल्लूच्या यू. श्रीनिवासला. त्यानं वाद्यच बदललं. जोड्या काढून पाच एकेरी तारा लावल्या, भरीव लाकडाचं विजेवरचं मँडोलिन घेतलं. तार एकेरी झाली की गमक हातात येते. पिकअप लावला की आस वाढते. पाचवी तार आली की खाली थोडी जागा मिळते. त्याचे गुरू सुब्बराजू यांना मँडोलिन येत नव्हतं. ते गात, आणि पोरगं ऐकून वाजवी. मला यातच त्याच्या वादनाचं मर्म वाटतं. बोटांच्या सवयी शिकवणारं कुणीच नसल्यामुळे तो सगळा गळ्याच्या मागे धावला. 1983 साली, वयाची पंधरा वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, तो बर्लिनच्या जॅझ महोत्सवात वाजवत होता. पुढे जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘रिमेंबर शक्ती’त. 1998 साली पद्मश्री, आणि 2014 साली पंचेचाळीसाव्या वर्षी मृत्यू. भाऊ यू. राजेश आज तेच वाद्य वाजवतो.

तरी एक तक्रार उरते. श्रीनिवासच्या स्वरात लाकूड कमी आणि वीज जास्त आहे. कर्नाटक संगीतातल्या द्रुत कृतींत ते लक्षातही येत नाही, पण संथ रागालापनात कान लाकडाचा गाभा शोधतात. कोलकात्याचे स्नेहाशिष मुजुमदार दोन दांड्यांच्या मँडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवतात. एका दांडीत राग मावत नाही, याची ती सरळ कबुलीच आहे. घरातली थोरली भावंडं जगात असताना आपल्या वादकांनी धाकट्यालाच दुसरा हात फोडला, याचं मला नवल वाटतं.

व्हायोलिन आपलं झालं, कारण त्याला पडदे नाहीत. विश्वमोहन भट्टांची गिटार मोहनवीणा झाली ती मांडीवर आडवी होऊन, पडद्यांना वगळून सळईनं वाजायला लागली म्हणून, आणि तिला तरफा बसवल्या म्हणून. मँडोलिनला पडदे सोडता येणार नाहीत. ते सोडले तर ते दुसरंच काही होईल. मग उरतो तो लांबीचा उपाय. ऑक्टेव्ह मँडोलिनची तार पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरची असते. पडदे सैलसर, खर्ज हाताशी, आघातानंतरचा स्वर जास्त वेळ टिकणारा. त्यावर एकेरी तारा आणि खाली तरफा लावल्या तर आलाप-जोड-झाल्याला जागा होईल, आणि वीज लागणार नाही.

हे काम करायला माणसं हवीत ती मिरजेत आहेत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून, वाळवून, त्यातून तुंबा घडवणं आणि घोडीवर जवारी काढणं यात तिथल्या सतारमेकरांची हयात गेली आहे. मँडोलिनचं कमानदार पोट कोरणं हा वेगळा हात आहे, हे मान्य. पण जवारीची घोडी, तरफा, पडदे सरकवायची सोय हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि युरोप-अमेरिकेतल्या मँडोलिन कारागिरांचा तो हात नव्हे. अडचण आहे ती गिऱ्हाइकाची. कारागीर एक नग करून बघायला तयार झाला, तरी तो मोडून दुसरा, दुसरा मोडून तिसरा करायचा खर्च वादकानं उचलायचा असतो. मैहरला हा खर्च राजानं उचलला होता. आजच्या मँडोलिनवादकाची कमाई लग्नांतल्या आणि गाण्यांच्या कार्यक्रमांतल्या बिदागीवर चालते; तिथं लोकांना सिनेमातलीच चार मात्रांची सुरावट हवी असते, आणि तिला 35 सेंटिमीटर पुरतात.