स्वस्त किंमत आणि कुलूप: ‘प्रदेश’ कुणी ठरवला?

गेल्या महिन्यात एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने त्याचा संशोधन आराखडा वाचायला पाठवला. विषय होता डिजिटल व्हिडिओ गेमच्या देशनिहाय किमती. पहिल्या प्रकरणाचं म्हणणं: भारतात गेम स्वस्त मिळतात, म्हणून भारतीय ग्राहकाचा फायदा होतो. दुसऱ्याचं म्हणणं: प्रादेशिक कुलूप, म्हणजे एका देशात घेतलेला गेम दुसऱ्या देशात चालू न देणं, हा ग्राहकावर अन्याय आहे. आराखडा नीटनेटका होता. वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण तीन वर्षांपूर्वी मी जवळपास हेच लिहून माझ्या मार्गदर्शकांपुढे ठेवलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “यातला प्रदेश कुणी ठरवला?” मला उत्तर देता आलं नाही. आज त्या मांडणीवरच लिहितोय, कारण या विषयावर काम करू पाहणारे बरेच जण तिथेच अडकतात.

पहिली अडचण अशी की किंमत आणि कुलूप हे दोन विषय नाहीतच. अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० साली किंमतभेदाच्या तीन श्रेणी मांडल्या. त्यातली तिसरी आपल्या कामाची: ग्राहकांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेगळी किंमत लावायची. हे चालायला दोन गोष्टी लागतात. गट ओळखता आले पाहिजेत, आणि स्वस्त गटातल्या माणसाने तोच माल महाग गटाला विकता कामा नये. दुसरी अट मोडली की सगळं कोसळतं. म्हणजे स्वस्त किंमत ही भिंतीची आतली बाजू आणि कुलूप ही बाहेरची. एका प्रकरणात भिंतीचं कौतुक आणि पुढच्यात तिचा निषेध, असं करता येत नाही.

उदाहरण शोधायला लांब जायला नको, टेबलावरचं परदेशी प्रकाशकाचं पाठ्यपुस्तक उघडा. आपल्याकडच्या स्वस्त आवृत्तीवर बहुतेक वेळा छापलेलं असतं की ही विक्री फक्त भारत आणि शेजारच्या देशांसाठी. सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने नेमका याच फरकाचा उपयोग केला. अमेरिकेत गणितात पीएच.डी. करताना तो थायलंडमधून स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकायचा. वायली प्रकाशनाने खटला भरला आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी किर्तसेंगच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी २०१० मध्ये, याच प्रकाशनाच्या दुसऱ्या दाव्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने भारतातल्या स्वस्त आवृत्त्या बाहेर पाठवणाऱ्या विक्रेत्यांच्या विरोधात कौल दिला होता. म्हणजे पुस्तकाचं कुलूप कायद्यात असतं, आणि त्यावर न्यायालयांत भांडता येतं. शिवाय वाचून झालेलं पुस्तक माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर विकता येतं. डिजिटल गेमचं कुलूप मात्र थेट खात्यात बसवलेलं असतं. तिथे भांडायला न्यायालयही नाही आणि फुटपाथही नाही.

हे मला पुस्तकं वाचून कळलं नाही. माझ्या मावसभावाने परदेशातून वाढदिवसाला एका गेमचा कोड पाठवला होता. राईच्या घरी रात्री बसून तो टाकला, तर पडद्यावर आलं की हा कोड तुमच्या प्रदेशात चालणार नाही. दुकानाला लिहिलं, तर धोरणाचा एक परिच्छेद परत आला. पैसे भावाचे गेले. मी आठवडाभर चिडून होतो. त्याच आठवड्यात दुसरा एक गेम मी डॉलरच्या किमतीच्या जवळपास निम्म्यात रुपयांत घेतला आणि खूश झालो. या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीमुळे घडल्या हे डोक्यातच आलं नाही.

मग कुलूप काढलं तर? इथे युरोपचा खटला नीट वाचायला हवा. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह, म्हणजे स्टीम दुकान चालवणारी कंपनी, आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. पोलंड, हंगेरी, रोमानिया, बाल्टिक देश वगैरे ठिकाणी विकलेले काही गेम बाकी युरोपात चालू होऊ दिले जात नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने व्हॉल्व्हच्या बाबतीत तो निर्णय कायम ठेवला. आपल्याकडे हा खटला ‘ग्राहकाचा विजय’ म्हणून उद्धृत होतो. पण युरोप ही कायद्याने एक बाजारपेठ आहे. आयोगाचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. तो उचलून भारताला लावता येत नाही. उलट व्हॉल्व्हचं म्हणणं होतं की कुलपं काढली तर प्रकाशक गरीब देशांतल्या किमती वाढवतील. हेही डोळे झाकून घेऊ नका. ज्याला भिंत हवी आहे त्याचंच ते भाकीत आहे.

इथे काही जण तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाचा दाखला देतात. नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने या दोन देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये किमती लावल्या. बाहेरच्या लोकांनी खोटे पत्ते दाखवून तिथून स्वस्तात खरेदी केली, म्हणून असं झालं, हे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येतं. पण कंपनीने जाहीरपणे दिलेलं मुख्य कारण चलनाच्या दरातली अस्थिरता हे होतं. त्या वर्षांत लिरा आणि पेसो दोन्ही घसरत होते. दोन कारणं एकाच वेळी हजर असतील तर त्यातलं सोयीचं एक उचलणं म्हणजे संशोधन नव्हे.

आता मुख्य आक्षेप. ‘ग्राहकाचा फायदा होतो’ हे वाक्य सिद्ध करायला काय लागतं? हॅल व्हेरियन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की अशा किंमतभेदातून एकूण कल्याण वाढायचं असेल तर एकूण विक्री वाढणं आवश्यक आहे. म्हणजे आकडे लागतात ते विकल्या गेलेल्या प्रतींचे. आपल्याकडे काय असतं? वेबसाइटवरून उतरवलेल्या किमती. देशवार विक्री कंपन्या जाहीर करत नाहीत. त्या विद्यार्थ्याने चाळीस देशांच्या किमतींचा सुंदर तक्ता केला होता, पण तो तक्ता त्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. त्यातून फार तर ‘कंपनी कुणाला किती मागते’ हे कळतं. कोण घेतो, कोण सेलची वाट बघतो, कोण पूर्वी लॅमिंग्टन रोडवरून नकली सीडी आणायचा आणि आता पैसे भरतो, यातलं काहीच कळत नाही.

आणि शेवटी तो मार्गदर्शकांचा प्रश्न. स्टीमवर २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किमती आल्या. ती किंमत अख्ख्या भारताला एकच. आमच्या राईत एका बाजूला जुनं गावठाण आणि मिठागरं, भाईंदर स्टेशनकडे निघालं की टॉवर. दोन्हीकडच्या मुलांना गेम एकाच दराने. मलबार हिललाही तोच, गडचिरोलीलाही तोच. खरेदीची ताकद बघून किंमत ठरते म्हणावं, तर ही ताकद देशाच्या सीमेशी एकदम बदलते आणि आत सगळीकडे सारखी असते, असं मानावं लागेल. सिनेमाचं तिकीट साध्या थिएटरात आणि मॉलमध्ये वेगळं असतं, कारण तिथे गट जागेवरून ओळखता येतो. गेमच्या दुकानाला ओळखता येतं ते कार्ड आणि चलन, आणि ती दोन्ही देशागणिक बदलतात. म्हणून ‘प्रदेश’ म्हणजे देश. गरिबी कुठे आहे यापेक्षा कुलूप कुठे बसवता येतं, यावरून ही रेघ ओढली जाते.

कधी कधी तर रेघच नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, नायिका भावाला शोधते. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी आला निन्टेन्डो स्विचवर. त्या वेळी निन्टेन्डोच्या डिजिटल दुकानाच्या यादीत भारत नव्हताच. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या स्विचवर घ्यायचा तर खात्यावर दुसऱ्या देशाचं नाव घालायला लागायचं. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये आला. किमतींच्या तक्त्यात ही गोष्ट दिसणार नाही, कारण तक्त्यात जे देश असतात तेच दिसतात. यादीत नसलेल्या देशाचा रकाना रिकामासुद्धा नसतो.

त्या विद्यार्थ्याला मी एवढंच लिहिलं: तक्ता ठेव, प्रश्न बदल. ‘फायदा होतो का’ याऐवजी ‘गट कशावरून पाडले जातात आणि रेघ ओलांडणाऱ्याचं काय होतं’ हे विचार. याचं उत्तर अटी-शर्तींत, खटल्यांच्या कागदांत आणि वीस-पंचवीस मुलाखतींत मिळू शकतं, आणि ते एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे. तुम्ही कुठल्याही विषयावर काम करत असाल, तरी माहिती गोळा करायच्या आधी तुमच्या तक्त्यातल्या रकान्यांची नावं कुणी ठेवली ते एका परिच्छेदात लिहून बघा. मला तो परिच्छेद लिहायला दीड वर्ष लागलं, आणि त्यात माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं गेली. ती गेली ते बरंच झालं.