लहान मेथड, नाव आणि वाचकाचा विश्वास : ‘क्लीन कोड’मधील एका उदाहरणाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकाची आज्ञावली यंत्रासाठी लिहिली जात असली, तरी ती वाचावी लागते माणसालाच. तिच्यातील दोष शोधणारा, तिच्यात भर घालणारा आणि ती तपासणारा अध्यापक हे सर्व तिचे वाचकच होत. म्हणूनच लांबलचक मेथड फोडून तिच्या जागी समर्पक नावांच्या लहान मेथड योजणे, ही पुनर्रचनेची (रिफॅक्टरिंगची) सर्वाधिक परिचित रीत ठरली आहे. हे विभाजन कोणत्या निकषावर करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फाउलर आणि मार्टिन

मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’ (१९९९) या ग्रंथाने या रीतीला ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ या नावाने शास्त्रशुद्ध रूप दिले. मात्र फाउलर यांचा निकष ओळींच्या संख्येचा नाही. मेथड काय करते आणि ते कसे करते, या दोहोंतील अंतर जेथे मोठे असेल, तेथे नवी मेथड काढावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मेथडचे अंतरंग तिच्या नावाइतकेच स्पष्ट असेल, तर ती पुन्हा मूळ जागी विलीन करण्याची उलट क्रियाही त्यांनी सांगितली आहे.

रॉबर्ट सी. मार्टिन यांच्या ‘क्लीन कोड’ (२००८) या ग्रंथात मात्र लहानपणालाच नियमाचे स्थान मिळाले. मेथड वीस ओळींपर्यंतही क्वचितच जावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. या आग्रहाची परीक्षा त्यांच्याच एका उदाहरणावर करणे उचित ठरेल.

मूळ संख्यांचे उदाहरण

डोनाल्ड क्नूथ यांची मूळ संख्या छापणारी आज्ञावली मार्टिन यांनी पुनर्रचनेसाठी घेतली आहे. संख्या शोधणे आणि त्या पानावर रांगा-स्तंभांत मांडणे ही कामे त्यांनी स्वतंत्र क्लासमध्ये विभागली. हे विभाजन निःसंशय यशस्वी आहे. पानाची मांडणी बदलली तरी संख्या शोधणाऱ्या भागाला हात लावावा लागत नाही.

परंतु संख्या शोधणाऱ्या क्लासचे पुढे आठ लहान मेथडमध्ये तुकडे केले आहेत. त्यांपैकी ‘इज-प्राइम’ हे नाव वाचून कोणाचाही समज होईल, की ही मेथड केवळ होय किंवा नाही असे उत्तर देते. प्रत्यक्षात ती सामाईक यादीत नवी नोंदही करते. त्यामुळे विषम संख्या चढत्या क्रमानेच तपासल्या गेल्या पाहिजेत, अशी अट निर्माण होते. ९ ही संख्या आधी तपासली नसेल, तर २५ ही संख्या मूळ ठरते! ही अट नावात कोठेही दिसत नाही. प्रश्न विचारणारी मेथड आणि स्थिती बदलणारी मेथड वेगळ्या असाव्यात, हा उपदेश याच ग्रंथात आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन’ (२०१८) या ग्रंथाचे लेखक जॉन औस्टरहाउट यांनी मार्टिन यांच्याशी झालेल्या लेखी चर्चेत नेमक्या याच उदाहरणावर आक्षेप घेतला. एक मेथड समजण्यासाठी दुसरी उघडावी लागत असेल, तर त्या परस्परांत गुंतलेल्या आहेत, असा त्यांचा मुद्दा आहे. तो ग्राह्य वाटतो. एकसंध मजकुरात जो क्रम डोळ्यांसमोर असतो, तो तुकडे केल्यावर दिसेनासा होतो. क्रमाचे बंधन मात्र कायम राहते.

विभाजनाचा निकष

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले होते, की आज्ञावलीचे भाग कामाच्या पायऱ्यांनुसार पाडू नयेत. बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकला जाईल असे पाडावेत. पृष्ठमांडणीचा निर्णय झाकला गेला, म्हणून मार्टिन यांचे क्लासचे विभाजन यशस्वी झाले. मेथडच्या विभाजनात काहीच झाकले गेले नाही, म्हणून ते फसले. मेथडचे नाव हे वाचकाला दिलेले वचन असते. आत न डोकावता त्यावर विसंबता आले, तरच ते पाळले गेले असे म्हणता येईल.

निष्कर्ष

या चिकित्सेने मार्टिन यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. नावाचे महत्त्व सामान्य प्रोग्रामरच्या मनावर बिंबविण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. तथापि, अध्यापनात ‘मेथड लहान ठेवा’ एवढेच सूत्र दिल्यास विद्यार्थी ओळी मोजू लागतो आणि अर्थ त्याच्या हातून निसटतो. प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करताना केवळ पडद्यावरील उत्तर न पाहता एक साधी कसोटी लावता येईल : मेथडचे फक्त नाव व तिला दिलेली मूल्ये दाखवून ती काय करेल, हे दुसऱ्या विद्यार्थ्यास सांगावयास लावावे. त्याचे उत्तर प्रत्यक्ष कृतीशी जुळले, तर विभाजन योग्य. न जुळल्यास नाव तरी बदलावे, अथवा ते तुकडे पुन्हा एकत्र करावेत. एकत्र करणे हीदेखील पुनर्रचनाच आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे.