शेळीच्या दुधातील ‘प्रथिन’ : संज्ञा आणि मापन

दुग्धपृथक्करणाच्या कोष्टकांत शेळीच्या दुधापुढे ‘प्रथिन’ या शीर्षकाखाली जो आकडा छापला जातो, तो पुष्कळदा प्रथिनाच्या प्रत्यक्ष मापनाचा नसून नत्रावरून काढलेला असतो. केल्डाल याने 1883 मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या पद्धतीत दूध तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवितात, नत्राचे अमोनियम क्षारात रूपांतर करतात आणि त्यातून मुक्त केलेला अमोनिया अनुमापनाने मोजतात. येथवर आक्षेपास जागा नाही. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर. नत्राचा आकडा 6.38 ने गुणावयाचा आणि गुणाकारास ‘प्रथिन’ म्हणावयाचे, ही ती पायरी होय.

हा गुणक केसीनमध्ये 15.67 टक्के नत्र असते या जुन्या निष्कर्षावर आधारलेला आहे. परंतु दुधातील सर्व नत्र प्रथिनांचे नसते. युरियासारख्या द्रव्यांचेही असते. गाईच्या दुधात असे प्रथिनेतर नत्र एकूण नत्राच्या सुमारे 5 टक्के, तर शेळीच्या दुधात सामान्यतः त्याहून अधिक आढळते. समजा, 100 ग्रॅम दुधात एकूण नत्र 0.55 ग्रॅम असून त्यांपैकी 0.04 ग्रॅम प्रथिनेतर आहे. रूढ रीतीने प्रथिन 3.51 ग्रॅम ठरेल. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिने साखळवून उरलेले नत्र वजा केल्यास ते 3.25 ग्रॅमच भरेल. चीज करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक नगण्य नव्हे. युरियाचे चीज होत नाही.

संज्ञेतील ही शिथिलता केवळ शब्दच्छलाचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी 2008 मधील चीनची घटना आठवावी. पाणी घातलेल्या दुधात मेलामीन मिसळण्यात आले. त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नत्राचा असल्याने परीक्षणात ‘प्रथिन’ पुरेसे दिसले. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे 3 लाख बालके आजारी पडली व काही दगावली. परीक्षणाने नत्र बिनचूक मोजले होते. फसविले ते त्याला दिलेल्या नावाने.

‘प्रोटीन’ हे नाव 1838 मध्ये ‘अग्रस्थानी असलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून रूढ झाले. मराठी ‘प्रथिन’ही ‘प्रथम’चे स्मरण करून देते. एवढ्या मानाची संज्ञा सैल हाताने वापरणे उचित नाही. म्हणून कोष्टकांत ‘एकूण नत्र’, ‘प्रथिनेतर नत्र’ आणि ‘शुद्ध प्रथिन’ असे तीन स्वतंत्र स्तंभ असावेत, व गुणकाचा उल्लेख शीर्षकातच व्हावा. जे मोजले तेच नाव द्यावे, हा नियम प्रयोगशाळेइतकाच परिभाषेलाही लागू आहे.