बारीक कणांचा मोह

उमापूरच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतल्या निगेटिव्ह मी गेली दोन वर्षे चाळतो आहे. खोके उघडले की जुने छायाचित्रकार हमखास एक नाव काढतात : कोडॅकची पॅनाटॉमिक-एक्स. ३२ एएसए वेगाची ही फिल्म १९८७ साली बंद झाली. ‘तसा गुळगुळीत फोटो आता होणे नाही’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले, की ते तपासावेसे वाटले.

हे प्रेम खोटे नाही. चांदीच्या क्षाराचे स्फटिक जितके बारीक, तितका ते प्रकाश कमी टिपतात; म्हणून बारीक कणांची फिल्म मंद असते. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ऑर्वो एनपी १५ तर जेमतेम २५ एएसएची. मराठवाड्याच्या भर उन्हात तेवढे पुरते. एफ ८ ला सेकंदाचा शंभरावा भाग. पटक्याची घडी, कपाळावरची रेघ, काही सुटत नाही.

पण खोक्यांतल्या बहुतेक निगेटिव्ह १२० रोलवरच्या, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या आहेत आणि कडेला छापलेली नावे मध्यम वेगाच्या फिल्मची. पोस्टकार्डाएवढ्या फोटोसाठी ही निगेटिव्ह अडीच पट मोठी करावी लागते, ३५ मिलिमीटरची जवळपास चौपट. मग कण दिसणार कुठून? गुळगुळीतपणाचे श्रेय निगेटिव्हच्या आकाराचे आणि लहान प्रिंटचे. आठवणीने ते परस्पर पॅनाटॉमिकच्या नावे जमा केले.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. मंद फिल्मला अंधाऱ्या माजघरात एफ २ ला देखील अर्धा सेकंद लागतो. भाकरी थापणारी बाई तेवढा वेळ हात कशी थांबवील? म्हणून या खोक्यांत बायका आहेत त्या अंगणात, खुर्चीवर, पदर सावरून. दोष एकट्या फिल्मचा नाही. कॅमेरा चुलीपर्यंत येऊ देणारी घरेही थोडीच. तरी ‘चांगला फोटो’ म्हणजे बिनकणांचा, हे एकदा ठरले की आतल्या आयुष्याला आपोआप दुय्यम जागा मिळते.

ऑर्वोच्याच ४०० एएसएच्या एनपी २७ वर घेतलेली एक निगेटिव्ह सापडली. चुलीपुढची म्हातारी, कण ज्वारीच्या जाड्याभरड्या पिठासारखे. पाकिटावर लाल पेन्सिलीने फुली मारलेली. माझ्या पहिल्या निवडीतून मीही ती गाळली होती. यंदा ती परत घेतली आहे.