डिजिटल त्वचेवरची लव

केस हा संगणकीय चित्रकलेचा जुना मानबिंदू. 1989 मध्ये जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी केसाळ टेडी बेअर चितारून दाखवला. 2001 च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या सलीच्या अंगावर सुमारे 23 लाख केस होते. 2012 च्या ‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडाच्या कुरळ्या बटांसाठी पिक्सारने हालचालीची नवी प्रणालीच लिहिली. या पराक्रमांत माणसाच्या हातापायांवरचे, पाठीवरचे केस आणि गालांवरची लव मात्र मागे पडली. आजही अनेक गेममधल्या पात्राच्या चेहऱ्यावर थांबावेसे वाटते आणि दंडाकडे नजर गेली की कातडी प्लास्टिकची वाटते.

डिजिटल पात्राची त्वचा म्हणजे त्रिमितीय आकारावर चढवलेले सपाट चित्र. शिंप्याने सदरा उसवून तुकडे पसरावेत, तसे शरीर उलगडून यूव्ही नकाशा होतो आणि त्यावर फोटोशॉप, सबस्टन्स पेंटर किंवा मारीमध्ये रंगकाम चालते. अंगावरचे केस बहुधा याच चित्रात रंगवले जातात, कारण ते स्वस्त पडते आणि गेमच्या वेगावर भार येत नाही. पण नकाशा जिथे ताणला जातो तिथे केस जाड होतात. जोडावर त्यांची दिशा अचानक मोडते. जागा वाचवण्यासाठी डावी-उजवी बाजू एकाच चित्रातून काढली, तर छातीवरचा प्रत्येक केस आरशात पाहिल्यासारखा पलीकडे उमटतो. थेट त्रिमितीय आकारावर रंगवण्याच्या सोयीमुळे जोडांचा प्रश्न बराच सुटला आहे. उरलेल्या चुका मात्र हाताच्या आहेत.

त्यातली पहिली चूक दिशेची. शरीरावरचे केस वाटेल तसे उगवत नाहीत. त्यांचे प्रवाह असतात, भोवरे असतात. मनगटाच्या वरच्या भागात ते करंगळीच्या बाजूला झुकतात, पोटावर मधल्या रेषेकडे ओढले जातात. तयार ब्रशचा ठसा मारत गेले की हे प्रवाह पुसले जातात आणि केस चिकटवल्यासारखे दिसतात. दुसरी चूक रंगाची. केस म्हणून सरसकट काळी रेघ ओढली जाते. खरा केस टोकाकडे निमुळता होत फिका पडतो, मुळाशी त्वचा किंचित उंचावते, दाट केसांखाली कातडीचा रंगही बदलतो. दाढी केलेल्या गालावरची निळसर झाक ही तर त्वचेखाली उरलेल्या खुंटांची असते. ती वरच्या थरात रंगवली की काजळी फासल्यासारखी वाटते. चांगला कलाकार आधी मुळे आणि त्वचेचा रंग बांधतो आणि सुटे केस सर्वांत शेवटी, हात राखून काढतो.

छायाचित्रांवरून त्वचा घेतली तर हे कष्ट वाचतील, असा समज आहे. पण अनेक फोटो जोडून आकार घडवणाऱ्या तंत्राला बारीक केस पकडता येत नाहीत. ते त्वचेवर डागांसारखे पसरतात. कलाकार आधी ते डाग पुसतो आणि मग केस नव्याने काढतो.

रंगाला एक मर्यादा आहेच. उजेड पाठीमागून आला की गालाची कड उजळते, ती लवेमुळे. यान कोंडरिंक आणि सिल्व्हिया पाँट यांनी 2003 मध्ये त्वचेच्या मखमली दिसण्यामागचे हे कारण मांडले. सपाट चित्रात ही कड येत नाही. त्यासाठी एक्सजेन, येटीसारख्या साधनांनी खरेच केस उगवावे लागतात. चित्रपटाला ते परवडते, कारण तिथे एकेका चौकटीला तास देता येतात. गेमला सेकंदाच्या साठाव्या भागात चौकट काढायची असते. म्हणून दुरून रंग आणि जवळून सुटे केस, ही तडजोडच आज सर्वांत विश्वासार्ह ठरते.

तंत्रापेक्षा मोठी अडचण रुचीची आहे. 2022 मध्ये ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या गेमची नायिका अलॉय हिच्या गालावर लव दिसली, तर काही खेळाडूंनी तिला दाढी म्हणून हिणवले. उत्तम निरीक्षणाला दोष ठरवणारी ही प्रतिक्रिया होती. केसाळ छाती ही मर्दानी नायकाची खूण आणि नायिका म्हणजे गुळगुळीत, हा संकेत कलाकारांच्या हाडीमाशी मुरला आहे. तो सनातन मुळीच नाही. संस्कृत कवींनी नायिकेच्या नाभीवरच्या रोमावलीचे कौतुकच केले होते. रुचीचा असाच एकांगी कल संशोधनातही दिसतो. येल विद्यापीठाचे थिओडोर किम यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की संगणकीय चित्रकलेने सरळ केसांनाच प्रमाण मानले आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट कुरळे केस दुर्लक्षिले. तोच न्याय सावळ्या त्वचेवरच्या काळ्या लवेला लावायला हवा. गोऱ्या कातडीवर बेतलेली सोनेरी लव आपल्या पात्रांवर जशीच्या तशी चालत नाही.

साधने पुरेशी आहेत, नजर अपुरी आहे, असाच या कलेचा आजचा हिशेब मांडावा लागतो. मुंबई-पुण्यात ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी केसांच्या ब्रशचा तयार संच उतरवून घेण्याआधी वेगवेगळ्या वयांच्या, वर्णांच्या माणसांचे हात तिरक्या उजेडात नीट पाहावेत. केसांच्या दिशांचा नकाशा आधी कागदावर काढावा. स्टायलस त्यानंतर उचलावी.