सही कोणाची?

छायाचित्रे जमवण्याला माझा विरोध नाही. पण संग्राहकांची मूल्यव्यवस्था तपासली पाहिजे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग यांनी एका चिंताग्रस्त आईचे छायाचित्र टिपले. नाव विचारले नाही, हे पुढे त्यांनीच लिहिले. 'स्थलांतरित आई' म्हणून ते जगभर गाजले. ती बाई फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी मूळनिवासी, हे जगाला ४२ वर्षांनी, १९७८ साली कळले. १९८३ साली तिच्या उपचारासाठी मुलांना लोकांकडे मदत मागावी लागली. त्याच वर्षी ती वारली. १९९८ साली लँग यांच्या सहीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात २,४४,५०० डॉलरला गेली.

प्रत केव्हाची, सही कोणाची, हे संग्राहक बारकाईने पाहतात. चित्रातल्या बाईची सही कोण मागतो? लँग यांची कणव खोटी नव्हती. पण कणव म्हणजे न्याय नव्हे. आज आपल्या वस्त्यांचीही छायाचित्रे देखण्या पुस्तकांत येतात. असे पुस्तक हाती आले की मी आधी चित्रातल्या माणसाचे नाव शोधतो. ते नसेल, तर कलेचा हिशेब अपुरा आहे.